पासंग

सतरा हंगाम मी जिनिंगच्या काट्यावर होतो.
भरली गाडी, वजा खाली गाडी, बाकी कापूस.
एवढंच गणित, पण ते झोपेतही चुकलं नाही.
कार्बनच्या निळ्या बोटांनी जेवलो.
लग्नाच्या पंगतीत लोक म्हणत,
"आधी काटेबाबूले वाढा."

मार्चमध्ये नवा काटा आला.
गाडी चढते, कॅमेरा नंबर वाचतो,
पावती आपोआप जीभ काढते.
शेठ वाईट माणूस नाही. चहा पाजला, म्हणाला,
"वैरागडे, तुमच्या हातात खोट नव्हती."
नव्हती.
हे वाक्य मी घरी घेऊन आलो,
कुठे ठेवायचं ते अजून कळलेलं नाही.

आता मे.
कूलरच्या टाकीत पाणी टाकणं हे माझं काम.
दहाला, दोनला, पाचला.
तेवढ्यासाठी तरी बाजेवरून उठावं लागतं.
ज्योत्स्ना अंगणवाडीत जाण्याआधी डबा भरून ठेवते,
तोच, तीन पुडांचा, कडी वाकलेला.
बारा वाजून दहा मिनिटांनी
मी माझ्याच घरात डबा उघडतो.
भोंगा इथवर येतो.
त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

पानठेल्यावर विचारतात, "सुट्टीवर का जी?"
मी म्हणतो, "सध्या."
चांगला शब्द आहे.
दोन महिने त्यात मावले,
अजून थोडी जागा दिसते.

रात्री अंगणात पडल्या पडल्या
वजनं करत बसतो.
पूर्वाच्या अकरावीची फी.
बुटीबोरीच्या ऑफिसातल्या पोराचं
"कळवतो काका."
देवळीच्या पेट्रोलपंपावर वय विचारलं,
मी एक्केचाळीस म्हणालो.
आहे चव्वेचाळीस.
तीन वर्षं कमी भरली.
जन्मात पहिल्यांदा मापात पाप केलं,
आणि तरी काम नाही मिळालं.

एकदा रडलो.
नळ येतो त्या वेळी,
बादलीच्या आवाजात.

शुक्रवारी कलीमभाई आला, पुलगावचा रद्दीवाला.
घरात साठलेली कोरी पावतीबुकं
मी त्याच्यापुढे ओतली.
त्यानं तराजू उचलला. रिकामाच.
डावं पारडं खाली.
"काटा मारतो का रे?"
"डंडी नाही मारत बाबूजी. कडी घासली एका बाजूची."
खरंच घासली होती.

मग बसलो दोघं निंबाच्या सावलीत.
एक चिंचोका लावला, कमी पडला.
दोन लावले, तरी कमी.
त्याच्या सायकलचं एक वायसर काढलं,
एक चिंचोका ठेवला,
दोन्ही चिंधीत गुंडाळून
सुतळीनं उजवीकडे बांधले.
काटा उभा राहिला,
मधोमध, न थरथरता.
मी श्वास धरून होतो, हे नंतर समजलं.

पासंगाला लोक उगाच नावं ठेवतात.
झीज कबूल केल्यावर
हलक्या बाजूला काहीतरी फुटकळ बांधावंच लागतं.
कूलरचं पाणी म्हणा.
बारा-दहाचा डबा म्हणा.

पावतीबुकं पावणेतीन किलो भरली.
मी आधीच सांगितलं होतं.
कलीमभाई म्हणाला, "हात अजून चालू आहे तुमचा,"
आणि पैसे मोजताना
दहाची एक नोट जास्त निघाली.
मी परत दिली. त्यानं घेतली.
बरं वाटलं दोघांनाही.

आज सोमवार. हिंगणघाटला एक दालमिल आहे,
तिथे काट्यावर अजून माणूस बसतो म्हणे.
सहा चाळीसची एसटी.
पाठीमागून ज्योत्स्नानं डबा हातात दिला.
हातानं सवयीनं वजन घेतलं.
रोजच्याहून चाळीसेक ग्रॅम जास्त.

एक पोळी.

मी काही विचारलं नाही.
पिशवी या खांद्यावरून
त्या खांद्यावर घेतली.